पितृपंधरवड्यातला मांडव

माझे वडील वारले तेव्हा मी आठवीत होते. शनिवार होता, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि ते माजी सभापतींच्या शुभहस्ते वारले. शोकसभेला दोनशे माणसं होती. दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळण्यात आली तेव्हा वडीलही उभे होते. सगळे उभे असताना आपण बसून राहणं त्यांना बरं वाटलं नाही.

असं काहीही झालेलं नाही. आमच्या गावात कुणालाही विचारा. शाळेच्या कागदावर त्या दिवशी रोजच्या तासिका झाल्या. माजी सभापती त्या वेळी भलत्याच गावात पाण्याच्या टाकीची पाहणी करत होते. दोनशे माणसांपैकी निम्मी शेतात होती आणि उरलेली आजारी होती. वडील स्वतः म्हणतात, "मी कधी वारलो? वारलो असतो तर मला कळलं असतं की."

तेव्हा जे झालंच नाही ते सांगते.

"परत आलीस?" आई म्हणाली.

सोप्यात बसून ती झालर शिवत होती. तिनं मान वर केली नाही. माझ्या चपलांच्या आवाजावरून तिला सगळं कळायचं. त्या आठवड्यातली ती माझी तिसरी खेप. साडेअकरा वाजले होते आणि शाळा पाचला सुटायची.

"दप्तर?"

"वर्गात."

"म्हणजे दप्तर बसतंय आणि तू उठतीस."

हे खरं होतं. माझं दप्तर शेवटच्या तासापर्यंत एकदम व्यवस्थित बसायचं. माझं तसं व्हायचं नाही. पहिल्या तासाला बाईंनी दार लोटून घेतलं की माझ्या बोटांना मुंग्या यायच्या. छातीत कुणीतरी ढोल बडवायला घ्यायचं. वर्गात आम्ही बासष्ट जण होतो, आणि वर्गातली हवा वाटता वाटता एकसष्टाव्यापाशी संपली असं मला वाटायचं. मग मी उठायचे, दार उघडायचे आणि चालत घरी यायचे. रस्त्यात कुणी विचारलं तर पोट दुखतंय म्हणायचे. आमच्या गावात पोटदुखीला मान होता.

"कोण काय बोललं का तुला?" आईनं विचारलं.

"न्हाई."

"कुणी मारलं?"

"न्हाई."

"मग झालंय काय गं, तेजू?"

कारण असतं तर मी आनंदानं दिलं असतं. घरच्यांच्या आग्रहाखातर मी दोन कारणं जुळवूनही ठेवली होती, पण ती मलाच पटत नव्हती. माझं नाव तेजस्विनी आहे. वर्गाचं दार लागलं की माझ्या डोळ्यांपुढं अंधार येत होता. या दोन्हींत कुणाची चूक होती, मला सांगता येत नव्हतं.

आमचा मंडप डेकोरेशनचा धंदा. लग्न, बारसं, सत्कार, उपोषण, काहीही असो, मांडव चौगुल्यांचा. बाळकाका बांबूवर चढायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, खाली उभे राहायचे. अण्णांचा गुडघा गेलेला होता. मला कळायला लागल्यापासून तो गेलेलाच होता. आई झालरी शिवायची, कापडं धुवायची आणि कुणाचं काय चुकलं ते सांगायची.

"लिंबू उतरवूया का हिच्यावरनं?" काका म्हणाला.

"त्या लिंबाचं सरबत कर आणि पी," आई म्हणाली. "डोकं थंड होईल."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी अण्णांना बोलावून घेतलं. कुंभोजे सर तसे वाईट नव्हते. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीला तारीख लागायची.

"चौगुले, मुलगी हुशार आहे," सर म्हणाले. "पण ती वर्गात नसते. वर्गात नसलेल्या हुशार मुलीचं मी काय करू?"

"तिला कसंतरी होतंय, सर."

"कसंतरी म्हणजे कसं?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. सरांनी कॅलेंडर पुढं ओढलं.

"घटस्थापनेपर्यंत बघू," सर म्हणाले. "पंधरा दिवस आहेत. रोज शेवटच्या तासापर्यंत बसली तर काही प्रश्न नाही. एकदा जरी उठून गेली, तर मग घरीच बसवा. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरला की बाहेरून परीक्षा देता येते. पुष्कळ मुली देतात."

आमच्या गावात सतरा नंबरच्या फॉर्मसाठी घरी बसलेल्या तीन मुली होत्या. तिघींचीही लग्नं झाली होती. मांडव आमचाच होता. फॉर्म एकीचाही भरला गेला नव्हता.

अण्णा शाळेतून घरी गेले नाहीत. मला सरळ गडहिंग्लजला डॉक्टर मॅडमकडं घेऊन गेले. मॅडमनी रक्त तपासलं, डोळे बघितले, छातीला नळी लावली. मग अण्णांना बाहेर बसवून माझ्याशी अर्धा तास बोलल्या. अण्णांना आत बोलावलं तेव्हा म्हणाल्या, "हिला जे होतंय ते खरं आहे. नाटक नाही. असं या वयात होतं, आणि जातंही. मी कोल्हापूरच्या समुपदेशक मॅडमचा पत्ता देते, त्यांना दाखवा. तोवर एकच करा. हिला एकटं वाटू देऊ नका."

दुसऱ्या कुठल्याही घरात या वाक्याचा अर्थ पोरीशी गोड बोला, असा झाला असता. आमच्या घरात अण्णा, काका आणि आई चहाच्या कपांभोवती बसले आणि अण्णा म्हणाले, "म्हंजे खाली माणूस पाहिजे."

"सरळच हाय," काका म्हणाला.

हे सांगायला हवं. मांडवाच्या कामात कुणी एकटं चढत नाही. वरचा माणूस गाठ मारत असतो, त्याला खाली बघता येत नाही, आणि बघायचंही नसतं. म्हणून तो मधूनमधून नुसता ओरडतो, "हाय का?" खालच्या माणसानं "हाय" म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही. सांभाळ म्हणायचं नाही, पडशील म्हणायचं नाही, घाई तर अजिबात करायची नाही. खालच्या माणसाला एवढंच काम. पण तो चहाला गेला तर वरचा माणूस उतरतो, मग मुहूर्त टळला तरी चालेल.

"दिवसभर शाळेत उभं राहणार तुम्ही?" आईनं विचारलं.

"पितृपंधरवडा हाय. काम कुठं हाय?"

हेही खरं होतं. पितृपंधरवड्यात कुणी मांडव घालत नाही. बांबू गोडाऊनमध्ये पडून असतात आणि मांडववाले घरात पडून असतात. सरांनी दिलेली मुदत आणि अण्णांचा रिकामा पंधरवडा एकाच दिवशी संपत होती. इतकं बरोबर जुळलेलं आमच्या घरात त्याआधी काही नव्हतं.

"गुडघ्याचं काय?" मी म्हणाले.

अण्णांनी आईकडं बघितलं. आईनं कप उचलले.

"उभं राहायला चालतंय," ते म्हणाले.

सोमवारी अण्णा शाळेच्या दक्षिणेच्या भिंतीखाली येऊन उभे राहिले. आठवी 'ब' पहिल्या मजल्यावर. माझ्या बाकावरच्या शमा नदाफनं मला खिडकीची जागा दिली आणि त्या बदल्यात माझी भूगोलाची वही घेतली. ती वही मला अजून मिळालेली नाही.

मगदूम बाईंनी दार लोटलं. मुंग्या आल्या. ढोल सुरू झाला. मी गजांना तोंड लावलं आणि शक्य तितक्या हळू म्हणाले, "अण्णा, हाय का?"

"हाय!"

चाळीस फुटांवरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून अण्णांचा गळा तयार झाला होता. इथं अंतर चौदा फूट. तीन वर्गांना ऐकू गेलं. सातवीतला एक मुलगा हजर म्हणून उभा राहिला. बाईंच्या हातातला खडू तुटला.

"कोण ओरडलं?"

"बाई, हिचे वडील," शमा म्हणाली.

"ते काय करतायत तिथं?"

"काय न्हाई, बाई. ते खालचं माणूस हायेत."

बाई खिडकीशी आल्या. अण्णांनी खालून नमस्कार केला. बाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडं. "जरा हळू म्हणायला सांग त्यांना," एवढंच म्हणाल्या आणि फळ्याकडं गेल्या. पुढची कितीतरी वर्षं मला वाटायचं की बाईंना काही कळलं नव्हतं. आता वाटतं, सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं होतं.

त्या दिवशी मी एकोणतीस वेळा विचारलं. एकोणतीस वेळा "हाय" आलं. पाच वाजता मी दप्तर घेऊन खाली उतरले. जून महिन्यानंतर दप्तर आणि मी प्रथमच एकत्र घरी जात होतो.

मंगळवारी एकवीस. बुधवारी अकरा. आधी वर्ग हसला. मग वर्गाला सवय झाली. मग वर्ग अण्णांना वापरायला लागला. "अण्णा, वाजले किती?" "अण्णा, सर गेले का?" "अण्णा, चेंडू खाली आलाय." अण्णा वेळ सांगायचे, चेंडू वर टाकायचे, पण "हाय" फक्त मला म्हणायचे.

ऊन मात्र फार होतं. बुधवारी अण्णा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन उभे होते. ते काकानं बघितलं आणि गुरुवारी सकाळी तो चार बांबू आणि एक कापड घेऊन आला.

"जरा सावली," तो म्हणाला.

इथं आमच्या घराण्याचा दोष मधे आला. आमच्या हाताला अर्धा मांडव सोडून येता येत नाही. चार बांबू उभे राहिले की कडेला झालर पाहिजे. झालर आली की समोर कमान पाहिजे. शुक्रवारी कमान झाली. पुढच्या सोमवारी काका म्हणाला, खुर्च्या गोडाऊनमध्ये धूळ खातायत, त्यापेक्षा इथं खाऊ देत. त्यानं पन्नास मांडल्या. मग खुर्च्या कुणीकडं तोंड करून ठेवायच्या हा प्रश्न आला, म्हणून एक स्टेज झालं. स्टेजवर माईक नाही हे बघून काका रात्रभर तळमळला, असं काकू म्हणाली. बुधवारी माईक आणि स्पीकरही आले.

रंगीत कापडं आईनं नवरात्रासाठी धुऊन घड्या घालून ठेवली होती. ती त्यांना हात लावू देईना. म्हणून सगळा मांडव पांढरा.

"चौगुले, हे काय आहे?" कुंभोजे सरांनी विचारलं.

"सावली, सर."

सर मांडवाला एक फेरी मारून आले. खुर्चीवर बसून बघितलं. "वारा चांगला येतो," म्हणाले. त्या दुपारपासून त्यांचा चहा तिथंच यायला लागला.

मांडव झाल्यावर एक गोष्ट बदलली. वरून मला अण्णा दिसेनासे झाले. खाली नुसतं पांढरं कापड. पण मी विचारायचे, आणि कापडाखालून "हाय" यायचं. दुसऱ्या आठवड्यात मी दिवसाला चारवर आले होते.

आणि मग तो शनिवार. शेवटचा दिवस. सकाळची शाळा, अकराला सुटणार. अकरा वाजेपर्यंत बसले की सरांची अट पुरी होणार होती.

आमची शाळा रस्त्याला लागून आहे. पितृपंधरवड्यात पांढरा मांडव, खुर्च्या, स्टेज, माईक. रस्त्यानं जाणाऱ्या माणसानं यातून काय समजायचं? साडेनऊला पिठाच्या गिरणीवाले नाना येऊन पहिल्या रांगेत बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांच्याकडं बघून चौघे आले. मग बायका आल्या, पदर सारखे करत मागं बसल्या. कोण गेलं, हे कुणीच विचारत नव्हतं. आमच्या गावात कोण गेलं हे माहीत नसणं फार कमीपणाचं मानतात. जो तो दुसऱ्याकडं बघून मान हलवत होता.

"फार लवकर गेला," नाना म्हणाले.

"वय काय होतं हो?" शेजारच्यानं विचारलं.

"वय न्हवतंच."

पन्नास खुर्च्या भरल्या. काकाला भरलेल्या खुर्च्या दिसल्या की तो विचार करत नाही. टेम्पो घेऊन आणखी शंभर घेऊन आला. दहाच्या सुमाराला माजी सभापतींची गाडी रस्त्यावरून चालली होती. मांडव दिसला की गाडी थांबवायची, ही त्यांच्या ड्रायव्हरला सवय होती. ते उतरले आणि सरळ स्टेजवर चढले. गाडी बघून कुंभोजे सर धावत खाली आले. आपल्याच शाळेत कुणाची शोकसभा आहे हे आपल्याला माहीत नाही, असं चारचौघांत म्हणणं त्यांना जमेना. तेही गंभीर चेहऱ्यानं शेजारी बसले.

पुढचं मला काकानं नंतर सांगितलं. सभापती स्टेजच्या कडेला असलेल्या अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाले, "नाव काय?"

अण्णा म्हणाले, "दत्तात्रय चौगुले."

"काय करत होते?"

"मांडवाचं काम."

"बरं," सभापती म्हणाले आणि माईकपाशी गेले.

आता प्रश्न असा येतो की अण्णांनी तिथंच अडवलं का नाही. धंद्याचा एक नियम आहे. मांडववाल्यानं कार्यक्रमात बोलायचं नाही. नवरदेव पळाला, वक्ता चुकीच्या माणसाला हार घालायला निघाला, तरी आपण मागं बांबूला टेकून उभं राहायचं. अण्णांनी वीस वर्षांत एकाही कार्यक्रमात तोंड उघडलं नव्हतं. स्वतःच्या शोकसभेत सुरुवात करायला त्यांना संकोच वाटला.

वर आमचा इतिहासाचा तास चालू होता. खालून स्पीकर सुरू झाला.

"दत्तात्रयराव गेले!" सभापती म्हणाले. "कसा माणूस होता! स्वतः आयुष्यभर खाली राहिला, पण दुसऱ्याला वर चढवलं!"

वर्गातली एकसष्ट डोकी माझ्याकडं वळली.

"ए, तुझे वडील," शमा कुजबुजली.

"काहीतरी चुकलंय," मी म्हणाले.

मला माहीत होतं की चुकलंय. साडेआठला मी विचारलं होतं आणि "हाय" आलं होतं. पण हे मला माहीत होतं, बोटांना माहीत नव्हतं. बोटांना मुंग्या आल्या. ढोल सुरू झाला. खाली बघितलं तर पांढरं कापड. एवढं स्वच्छ पांढरं.

"आज दत्तात्रयराव आपल्यात नाहीत," स्पीकर म्हणाला. "त्यांच्या लेकराबाळांनी आता कुणाकडं बघायचं?"

हवा एकसष्टाव्यापाशी संपली. माझे पाय आपोआप उभे राहिले.

"बस," शमानं माझ्या ओढणीचं टोक धरलं. "चाळीस मिनिटं राहिलीत फक्त. तेजे, बस की!"

मी ओढणी तिच्या हातात सोडली आणि दाराकडं निघाले. त्याच क्षणी खालून आज्ञा झाली की सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळावी. शाळेला स्पीकरची आज्ञा पाळायची सवय. सगळी शाळा उभी राहिली. आठवी 'ब' उभी राहिली, बाई उभ्या राहिल्या, आणि त्यामुळं मी आधीपासूनच उभी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मी दारापाशी पोचले होते. कडी माझ्या हातात होती. ती थंड होती आणि हात ओला होता. एवढी कडी काढली की पायऱ्या, मग फाटक, मग रस्ता, मग घर. मग सतरा नंबर.

मगदूम बाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी थांब म्हटलं नाही. त्यांनी फक्त खिडकीकडं बघितलं आणि परत माझ्याकडं.

मी कडी सोडली. बाकांमधून परत गेले. इतकी शांतता मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकली नाही. दोनशे माणसं आणि एक अख्खी शाळा माझ्या वडिलांसाठी गप्प उभी होती. मी गज धरले आणि हळूबिळू काही नाही, जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडले,

"अण्णा, हाय का?"

काही आलं नाही.

चार सेकंद असतील. काका म्हणतो तीन. त्या चार सेकंदांत कापडाखाली एक माणूस वीस वर्षांचा नियम हातात घेऊन उभा होता, हे मला वरून दिसत नव्हतं.

"हाय!"

मागच्या रांगेतली एक बाई किंचाळली. गिरणीवाल्या नानांची टोपी पडली. सभापती सावकाश वळले आणि शेजारच्या माणसाकडं बघायला लागले.

"तुम्ही कोण?"

"दत्तात्रय चौगुले," अण्णा म्हणाले. "माफ करा, साहेब. पोरगी वर हाय, तिनं विचारलं की सांगावं लागतंय. तुमचं चालू द्या."

सभापतींनी चालू दिलं. मी त्या माणसाला मानते. ते एक घोट पाणी प्यायले आणि म्हणाले, "अशा या दत्तात्रयरावांना उदंड आयुष्य लाभो, अशी मी ईश्वरचरणी प्रार्थना करतो," आणि खाली उतरून गाडीत बसले. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. नेमक्या कशाला, हे त्याही वेळी कुणी विचारलं नाही.

माझी बोटं अजून गजांवरच होती. शमानं ओढणी माझ्या खांद्यावर टाकली. मी बसले. बाईंनी इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि अकराची घंटा होईपर्यंत पानिपत शिकवलं. मी शेवटपर्यंत होते.

घंटेनंतर कुंभोजे सर मांडवाखाली मला भेटले. म्हणाले, "चौगुले, आज इथं काही झालेलं नाही. कळलं?"

"हो, सर."

"आणि तू सोमवारी येणार आहेस. कळलं?"

"हो, सर."

दुपारी आम्ही मांडव उतरवला. काका खुर्च्या घेऊन टेम्पोतून गेला. अण्णा आणि मी कापडाची दोन दोन टोकं धरून घडी घालत होतो. एकमेकांकडं चालत यायचं, टोकं जुळवायची, परत मागं जायचं.

"तुम्ही उशिरा बोललात," मी म्हणाले.

"व्हय."

"मला वाटलं..."

"मलाबी वाटलं," अण्णा म्हणाले. "मला वाटलं, आता आवाज फुटतोय का न्हाई."

आम्ही टोकं जुळवली.

"तेजू, माझ्या गुडघ्याला काय झालेलं न्हाई."

मी कापड धरून उभी राहिले.

"तू दीड वर्षाची असशील," ते म्हणाले. "जत्रेचा मांडव होता. मी वर. रोजचंच काम, रोजचाच बांबू. आणि एकदम हात चिकटले बघ. काय झालं न्हाई, वारा न्हाई, पाय सटकला न्हाई. नुसते हात चिकटले. छातीत असं..."

"ढोल," मी म्हणाले.

"ढोल," ते म्हणाले. "श्वास म्हणून घेता येईना. खाली बघवंना. मी मोठ्यानं रडलो वर. बाजार भरलेला, भोंगे वाजत होते, म्हणून कुणाला ऐकू गेलं न्हाई."

"मग?"

"खाली तुझी आई होती. डबा घेऊन आलेली, तू काखेत. तिनं वर बघितलं. कुणाला हाक मारली न्हाई, आरडली न्हाई. म्हणाली, 'मी हाय. भाकरी गरम हाय, पण गार झाली तरी चालंल.' तासभर उभी होती. दर थोड्या वेळानं म्हणायची, 'हाय.' मग एक हात सुटला. मग एक पाय." त्यांनी कापडाची सुरकुती काढली. "तेव्हापासनं चढलो न्हाई. गुडघा म्हणून सांगितलं. गुडघ्याला कोण हसत न्हाई."

"कुणाला माहीत आहे हे?"

"आता तुला."

"आणि आईला?"

"ती होतीच की तिथं."

घरी गेलो तेव्हा आई शिवतच बसली होती. तिनं माझ्या चपलांचा आवाज ऐकला, मग दप्तर ठेवल्याचा आवाज ऐकला. तिची सुई थांबली.

"वारले म्हणं तुझे वडील," ती म्हणाली.

"व्हय."

"मग जेवायला वाढू का नको त्यांना?"

आणि ती हसायला लागली. आई तशी हसत नसे. ती हसता हसता पदर डोळ्यांना लावून बसून राहिली, आणि अण्णा दारात घडी घातलेलं कापड छातीशी धरून उभे होते.

ते दिवस गेले म्हणून माझी भीतीही गेली, असं नाही. ती माझ्याबरोबर नववीत आली. कोल्हापूरच्या मॅडमकडं आम्ही महिन्यातून एकदा जायचो. तिथून परतताना अण्णा भडंग घ्यायचे आणि मॅडमनी काय सांगितलं ते कधी विचारायचे नाहीत. दहावीला ती माझ्याबरोबर परीक्षेला बसली आणि नापास झाली. मी पास झाले. आता कधीतरी येते, पाहुणीसारखी, आणि चहा न घेता जाते. गावात दोन मंगल कार्यालयं झाली. मांडव फारसा कुणी घालत नाही. बांबू विकले, कापडांच्या पिशव्या झाल्या. शाळेची ती इमारतही पाडली. कुंभोजे सर निवृत्त होऊन मिरजेला मुलाकडं गेले.

त्यांच्या जागी आता कोण आहे मला माहीत नाही. तरी अर्ज केला आहे. त्याची प्रत खाली देते.

प्रति,
मा. मुख्याध्यापक यांस,

विषय : हजेरीपटात नाव दाखल करून घेणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, मी आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी असून, माझे वडील श्री. दत्तात्रय चौगुले हे मी इयत्ता आठवी 'ब' मध्ये शिकत असताना पितृपंधरवड्यातील शाळेच्या प्रत्येक दिवशी शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत शाळेच्या आवारात उपस्थित होते. घटस्थापनेनंतर गरज उरली नसतानाही ते आणखी चार दिवस आले. या काळात त्यांनी एकही रजा घेतली नाही, मधल्या सुट्टीतही जागा सोडली नाही, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले, त्यांपैकी एकाचे किंचित उशिरा.

सबब, त्यांचे नाव सदर वर्षाच्या हजेरीपटावर माझ्या नावाखाली दाखल करून घ्यावे व सर्व दिवस त्यांची उपस्थिती लावावी. तसेच भविष्यात त्यांनी स्वतः, अन्य कोणी, अथवा कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाने कितीही वेळा मागणी केली, तरी त्यांना शाळा सोडल्याचा दाखला कधीही देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.